खुडूक मोडणाऱ्या काकू

कारंजाला जुनं कोणी भेटलं की बोलणं हमखास त्या बाईंवर येतं. "मॅडम, तुमच्या घरमालकीण म्हणजे अजब नमुना," असं म्हणून लोक हसतात, कोंबडीच्या कूलरचा किस्सा पुन्हा एकदा सांगतात आणि शेवटी, "पण बाई खमकी हं," म्हणून कौतुकाने मान हलवतात. त्या कौतुकाने माझं डोकं फिरतं. मी त्या घरात भाड्याने राहिले आहे. तो खमकेपणा मी एकाच अंगणात राहून ऐकला आहे. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

माझी बदली झाली तेव्हा बसस्टँडच्या मागे, हायवेपासून जरा आत, दोन खोल्या मिळाल्या. पुढे घरमालकीण, मागे मी, मधे अंगण, आणि अंगणभर कोंबड्या. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं, मीही म्हणायचे. पदर कंबरेला खोचलेला, पायात गेलेल्या नवऱ्याच्या चपला. पाऊल दोन बोटं पुढे सरकायचं त्या चपलांत, पण दुसऱ्या काही घेतल्या नाहीत. माझं सामान टेम्पोतून उतरत होतं तेव्हा त्या मधे उभ्या राहून एकेक वस्तू बघत होत्या. खुर्च्या उतरल्या तशा त्यांनी विचारलं, "इतक्या कायले लागते एकट्या माणसाले?"

मी म्हटलं, "कोणी आलं-गेलं तर बसायला."

"मंग थो उठन कधी?" त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, गंमत करतात.

गंमत नव्हती ती. त्यांच्या ओसरीवर बसायला काहीच नव्हतं. खुर्ची नाही, बाज नाही, साधं पोतंसुद्धा अंथरलेलं नसायचं. आल्या माणसाला चहा मिळायचा, चांगला दुधाचा मिळायचा, पण उभ्याने. मतं मागायला आलेले पुढारी त्यांच्या दारात हातात कपबशी घेऊन रांगेत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. एक जण बिचारा दमून पायरीवर टेकला. काकूंनी त्याच्या अगदी बाजूला झाडायला सुरुवात केली, आणि उठेपर्यंत झाडत राहिल्या.

आता खुडूक म्हणजे काय ते सांगते. कोंबडी रोज अंडं देते आणि चरायला निघून जाते. पण मधेच कधीतरी तिच्या अंगात येतं. ती खुराड्याच्या कोपऱ्यात बसते ती उठतच नाही. पिसं फुलवते, पोट तापतं, कोणी जवळ गेलं तर चोच मारते, खाणंपिणंही सोडते म्हणा ना. तिला अंडी उबवायची असतात. पिलं हवी असतील तर लोक तिच्याखाली अंडी ठेवतात. काकूंना पिलं नको होती. त्यांची अंडी हायवेवरच्या ढाब्यांवर जायची, आणि बसलेली कोंबडी अंडं देत नाही. म्हणून खुडूक दिसली की मोडायची. हा त्यांचा धर्म होता.

दुपारी जेवण झालं की त्या खुराड्याशी वाकायच्या आणि एकेका कोंबडीच्या पोटाखाली हात घालायच्या. बोटांनी चाचपायच्या. एखादी गरम लागली की तिला तिथल्या तिथे उचलायच्या. "ऊब लय वाईट राह्यते, मॅडम," त्या मला सांगायच्या. "एकडाव लागली का सुटत नाई. पैल्याच दिवशी पकडली तं चार दिवसांत मोडते. जितकं बसू द्यान, तितकी घट्ट होते."

गावात कोणी खुडूक कोंबडीच्या नाकपुड्यांतून पीस ओवतात, कोणी पाण्यात बुचकळतात, कोणी पाय बांधून ठेवतात. काकूंना हे मान्य नव्हतं. "जनावराले तरास नाई द्यायचा. पोट थंड करायचं फक्त," असं त्यांचं म्हणणं. आणि पोट थंड करायला त्यांच्याकडे काय होतं, तर कूलर.

नवऱ्याच्या वेळचा जुना लोखंडी कूलर होता तो. त्याची खस काढलेली, पाण्याचा पंप काढलेला, आणि तो आडवा पाडून पंख्याचं तोंड आभाळाकडे केलेलं. वर लोखंडी जाळी. जाळीवर कोंबडी, कोंबडीवर बांबूचं डालं उपडं घातलेलं, डाल्यात एका बाजूला पाण्याची वाटी आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. मग काकू बटण दाबायच्या. खालून असा वारा सुटायचा की कोंबडीची पिसं छत्रीसारखी उलटी व्हायची आणि ती बिचारी पंजांनी जाळी घट्ट धरून, मान लांब करून, जगात हे काय चाललंय अशा चेहऱ्याने बघत राहायची.

यात हसण्यासारखं आहे, मान्य. पण मला त्या घरात कूलर लावायला बंदी होती. मे महिन्यात, वर्धा जिल्ह्यात. "मीटर पळते, मॅडम. अन् कूलरच्या हवेनं माणूस लोळते," हे कारण. मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दहावीचे पेपर तपासत बसायचे आणि खिडकीतून समोर दिसायचं, ती कोंबडी हवा खाते आहे. एकदा न राहवून मी म्हटलं, "काकू, मी खुडूक झाले तर मला बसवाल का त्या जाळीवर?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुमी उठून जाता ना रोज शाळेत," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "तुमाले कायले लागते?"

लोक हे किस्से सांगतात आणि इथेच थांबतात. पुढचं त्यांना माहीत नाही असं नाही. पुढचं त्यांना कौतुकाचं वाटतं.

काकूंना एकच मुलगी. लग्न होऊन अमरावतीच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. चैत्रातल्या एका सकाळी ती एकटीच एक पिशवी घेऊन आली. पाचव्या महिन्यात तिचं पोट पडलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी सासूने तिला गोठ्यातलं शेण काढायला लावलं. नवऱ्याने ते पाहिलं, गाडीला किक मारली आणि निघून गेला. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी ती आतल्या खोलीत गेली, भिंतीकडे तोंड करून पडली आणि पडून राहिली.

तिला माहेरी राहायचं होतं. किती दिवस, ते तिलाही माहीत नसावं. तिला फक्त कोणी उठ म्हणणार नाही अशी एक जागा हवी होती. एवढंच मागणं होतं त्या पोरीचं, आणि तेही तिने तोंडाने मागितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काकूंनी तिला वरणभात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. मग दुपारी मी शाळेतून आले तर अंगणात गादी वाळत घातलेली. मला वाटलं, ऊन दाखवताहेत. संध्याकाळ झाली, गादी आत गेली नाही. काकूंनी ती दुमडून माळ्यावर टाकली. मुलगी उघड्या फरशीवर पडली होती.

"काकू, गादी?" मी विचारलं.

"ऊब लागून राह्यली तिले," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं, जशा कोंबडीबद्दल सांगायच्या तशाच. पोट्टी बसली आहे. पैल्याच दिवशी उठवायले पाह्यजे होती, दोन दिवस आपणच लाड केले, आता जरा घट्ट झाली. पण मोडते. आणि मोडली की जवायाले फोन करून द्यायचा, घेऊन जाईन.

दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे तिला गार पाण्याने आंघोळ. मग अंगण झाडणं, खुराडं साफ करणं, आणि मग अंड्यांची टोपली घेऊन हायवेवरच्या ढाब्यांवर जायचं. पायी, उन्हात. जिचं बाळ जाऊन महिना झाला नव्हता ती पोरगी, ट्रकांच्या धुळीतून अंडी वाटत फिरायची. वाटेत भेटलेल्या बायका विचारायच्या, "काऊन वं, बाळंतपणाले आली का?" त्यांना काय माहीत. ती मान खाली घालून पुढे जायची. परत आली की काकू ओसरीवरून विचारायच्या, "देल्ली सगळी?" ती हो म्हणायची. तेवढंच बोलणं व्हायचं दोघींचं.

आणि समोर डाल्यात खुडूक कोंबडी. तिला पाण्याची वाटी, तिला ज्वारी, तिला पंखा. जनावराले तरास नाई द्यायचा.

मी भांडले. भाडेकरूने भांडू नये तशी भांडले. त्या अंगणात उभ्या होत्या, मी दारातून बाहेर आले आणि म्हटलं, "काकू, ती कोंबडी नाही. तुमची लेक आहे. तिचं मूल गेलंय."

"मले माहीत नाई का?" त्या म्हणाल्या. आवाजसुद्धा चढला नाही. "मॅडम, माह्या घरचा माणूस गेला तवा थे आत पोट्टी रांगत होती. तेरावं झालं अन् दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर वर केलं. मोठे दीर चाबी घ्यायले आलते. मी गल्ल्यावर उभी होती, म्हून परत गेले. मी घरात रडत बसली असती, तं आज हे घर कोनाचं असतं? तुमीच सांगा."

ते खरं होतं, सगळ्या कारंजाला माहीत होतं. किराणा दुकान त्यांनी एकटीने चालवलं, लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं, आणि पाय थकले तेव्हा दुकान भाड्याने देऊन कोंबड्या घेतल्या. त्या बाईला कोणी कधी बसू दिलं नव्हतं. पण म्हणून काय झालं? आपल्याला बसायला मिळालं नाही म्हणून दुसऱ्याच्या खालची गादी ओढायची? मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमी शाळेत जा, उशीर होऊन राह्यला," आणि खुराड्याकडे वळल्या.

त्या दिवसांत ती मुलगी दुपारी माझ्याकडे येऊ लागली. मी तिला माझ्या खाटेवर झोपवायचे आणि दार लावून घ्यायचे. ती फार बोलायची नाही. एकदा म्हणाली, "ताई, आई रोज सगळ्या कोंबड्यांच्या पोटाखाली हात घालते. मले एक डाव तरी विचारलं का तिनं, तुले दुखते का म्हून?"

मी म्हटलं, "विचारेल."

"नाई विचारत थे," ती म्हणाली. "तिले भ्या वाटते."

तेव्हा मला ते पटलं नाही. काकूंना भीती वाटते, हे मी कसं पटवून घ्यावं? मला त्या दगड वाटायच्या.

शेवटी काकूंना वाटलं, मोडली. पोरगी सकाळी न सांगता उठत होती, कामं करत होती, भिंतीकडे तोंड करून पडत नव्हती. त्यांनी जावयाला फोन लावला. मी ऐकत होते. "चांगली खणखणीत झाली, या घेऊन जायले," असं म्हणाल्या. एखादी वस्तू दुरुस्त होऊन तयार आहे, असा निरोप देतात ना लोक, तसा.

जावई दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. त्याच्यासोबत त्याचा काका. काकूंनी दोघांना उभ्याने चहा दिला. मुलगी अंडी द्यायला ढाब्यांवर गेली होती. "येतेच," काकू म्हणाल्या. पिशवी भरून दारात ठेवली होती, वर साडी-चोळीचा पुडा. आम्ही सगळे वाट बघत होतो. मी माझ्या दारात, हात बांधून, पुढे काय बोलायचं ते मनात घोळवत. मी सोडणार नव्हते त्या जावयाला.

ऊन चढलं तरी ती आली नाही. आला तो ढाबेवाला, स्कूटरवर. त्याच्या हातात काकूंची टोपली होती, रिकामी. "काकू, तुमच्या पोरीनं टोपली द्यायले सांगतली. अंडी सगळीकडे बराबर पोचवली तिनं. वर्ध्याच्या बसमध्ये बसून गेली थे."

जावयाचा काका तावातावाने बोलायला लागला. काकूंनी ढाबेवाल्याच्या हातून टोपली घेतली, आत नेऊन खुंटीला लावली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमी आता निघा. ऊन होते." तीच पिशवी, तोच पुडा दारात तसाच. ते दोघे बडबडत निघून गेले. मला वाटलं, आता तरी ही बाई काही बोलेल.

त्या बोलल्या. संध्याकाळी शेजारीण विचारायला आली, तेव्हा बोलल्या. "पाह्यलं का, कशी उठली? आली तवा पानी घ्यायले उठत नव्हती. आता एकटी वर्ध्याले गेली. माहा इलाज फुकट नाई जात."

हे ऐकून मी घरात निघून आले. आणि हीच गोष्ट लोक आज मला कौतुकाने सांगतात. पोरीला कशी पायावर उभी केली बघा. अहो, जिला आईच्या घरात आडवं होता येईना ती पळून गेली, याला पायावर उभं करणं म्हणतात का?

मी पवनारची. शनिवारी दुपारी घरी जाताना वर्ध्याला उतरायचे, तेव्हा एकदा ती मला बाजारात दिसली. तिच्या शाळेच्या वेळच्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती, एका कापडाच्या दुकानात कामाला लागली होती. दुकानात मुलींना बसायला स्टूलसुद्धा नाही. गिऱ्हाईक असो-नसो, मालकाला उभी माणसं दिसली पाहिजेत. पाय सुजलेले असायचे तिचे. तरी चेहरा बरा वाटला. सासरचे फोन करून त्रास द्यायचे म्हणून तिने नवा नंबर घेतला होता. तो तिने मला दिला आणि बजावलं, "कोनालेच नाई द्यायचा, ताई." मी विचारलं, "आईला?" ती म्हणाली, "मले इचारल्याबिगर नाई."

पुढे माझीही बदली वर्ध्याला झाली. कारंजा सुटलं. मध्यंतरी एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला गेले होते, मे महिन्यातच. मांडवातून निघून पाय आपोआप बसस्टँडच्या मागे वळले. भांडायला गेले होते की बघायला, मलाच सांगता येणार नाही. काकू अंगणात होत्या. केस पांढरे झालेले, चपला त्याच. कोंबड्या कमी दिसल्या. मला चहा दिला. उभ्याने. मी विचारलंही नाही बसू का म्हणून.

बराच वेळ त्या कोंबड्यांबद्दल बोलल्या. मग कप माझ्या हातातून घेताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भेटते का तुमाले?"

"भेटते," मी म्हटलं.

"बरी हाय?"

"दिवसभर उभी असते दुकानात. बसू देत नाहीत." हे मी मुद्दाम सांगितलं. लागावं म्हणून सांगितलं.

त्यांनी कप धुतला. पालथा घातला. पदराला हात पुसले आणि कंबरेला खोचलेला मोबाइल काढला. "तिले म्हना, दोन-चार दिवस येऊन पडून राह्य म्हना घरी. मी उठवत नाई."

"तुम्हीच म्हणा," मी म्हटलं.

त्या मोबाइलकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नंबर काय हाय तिचा?"

वाघीण म्हणतात लोक त्यांना. पोटच्या पोरीचा नंबर भाडेकरणीकडे मागत होती ती वाघीण. मला तेव्हाही दया आली नाही, राग आला. एवढं सगळं होऊन, आज विचारता? पण मी तसं म्हटलं नाही. "तिला विचारून देते," म्हटलं आणि माझ्या फोनवरून तिला लावला. काकू जवळ आल्या. त्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर सुरू केला.

"हां ताई," ती म्हणाली.

"तुझ्या घरी आले आहे. आई समोरच आहे. तुझा नंबर मागते आहे. देऊ?"

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती, बाकी सगळं सामसूम. काकूंनी मान फोनकडे झुकवली होती. मग ती म्हणाली, "आत्ता नको ताई. दुकानात लय गर्दी हाय," आणि फोन बंद झाला.

"कामात असन," काकू म्हणाल्या. "गर्दी हाय म्हनते."

"हो," मी म्हटलं.

मे महिन्यातल्या त्या टळटळीत दुपारी वर्ध्याच्या कापडाच्या दुकानात चिटपाखरूही नसतं. हे मला माहीत होतं, आणि उभी हयात गल्ल्यावर काढलेल्या काकूंना तर ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.